घोंगडी बेटावर गेली तो रविवार

मित्रांनो, मी घोंगडी. काळी, जाडीभरडी, आणि आता वयानंही जुनी. तुमच्या घरातल्या मऊ ब्लँकेटांशी माझी बरोबरी होणार नाही. पण माझं थोडं ऐकून घ्या.

आटपाडीकडच्या कोरड्या माळावर आकाराम आणि हरणाबाई या नवराबायकोची मेंढरं होती. त्यांच्या लोकरीचं सूत हरणाबाईनं काढलं. सणगरानं ते मागावर विणलं, चिंचोक्याची खळ देऊन मला ताठ केलं. पावसात मी आकारामच्या डोक्यावर खोळ होऊन बसायचे. थंडीत नुकत्या जन्मलेल्या कोकराला पोटाशी घ्यायचे. चाऱ्यासाठी हे कुटुंब गावोगाव फिरे. शेतकरी बोलावून घेऊन आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवत, माझी वीण बघून कौतुकही करत. पण गावात कुणाची कोंबडी हरवली, तरी आधी आमचंच पाल तपासलं जाई. मला किती जणांनी उलगडून बघितलं असेल, देव जाणे.

पुढं आकाराम देवाघरी गेला. मेंढरं विकली. मुलगा विश्वजित साताऱ्याला कारखान्यात लागला आणि हरणाबाईबरोबर मीही त्याच्या फ्लॅटमध्ये आले. तिथं माझी जागा माळ्यावर. खाली येते ती फक्त रविवारी. हरणाबाई खंडोबाचा रविवार धरते. दिवसभर निरंकार उपास, आणि दिवस मावळला की माझ्यावर बसून, देवाला भंडारा वाहून ती तो सोडते. त्यात कधी खंड नाही.

मागच्या हिवाळ्यात विश्वजितनं सगळ्यांना कोकणात, समुद्रातल्या एका बेटावरचा किल्ला दाखवायला न्यायचं ठरवलं. दिवस नेमका रविवारचा. उपास वाटेतच सोडावा लागणार, म्हणून म्हातारीनं मला खांद्यावर टाकलं. सातवीतली नात समीक्षा हळूच म्हणाली, "आज्जी, ते घोंगडं राहू दे की गं घरी. लोक बघत्यात."

हरणाबाई नुसती हसली. होडीत समीक्षा आमच्यापासून लांब, आईच्या पलीकडं जाऊन बसली. मला वाईट वाटलं नाही, असं कसं म्हणू?

बेटावर वाटाड्यानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की इथं पूर्वी चाच्यांचा तळ होता, येणारीजाणारी जहाजं ते धरत. हरणाबाईनं नातीला विचारलं, चाचं म्हंजी काय. समीक्षा म्हणाली, "पाण्यावरचे चोर, आज्जी."

हरणाबाई तटापाशी थांबली. "त्येंला चोर म्हटलं कुणी? ज्येंची जहाजं धरली, त्येंनीच न्हवं?"

वाटाड्या जरा गडबडला. मग म्हणाला, "खरं आहे आजी. लिहून ठेवणारे ते जहाजवालेच होते. इथले लोक या चाच्यांना समुद्राचे राखणदार म्हणायचे."

"मग दोन्ही सांगत जा, बाबा."

परतताना ओहोटी लागली होती आणि होडीवाला धक्क्यावर घाई करत होता. तेवढ्यात दुसऱ्या एका कुटुंबातल्या बाईची पर्स सापडेना. शोधाशोध झाली. तिच्या नवऱ्याची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. "आजी, राग मानू नका," तो म्हणाला, "तेवढी घोंगडी जरा झटकून दाखवता का?"

विश्वजित त्याच्या अंगावर धावून निघाला. हरणाबाईनं त्याचा दंड धरला. "थांब रं. आपल्याला हे नवं न्हाई."

तिनं पायातल्या चपला काढल्या. मला दोन्ही हातांनी उलगडलं आणि सगळ्यांसमोर झटकलं.

माझ्यातून भंडारा उडाला. कितीतरी रविवारांचा, विणीत साठून राहिलेला. धक्क्याच्या काळ्या दगडावर पिवळा सडा पडला. दुसरं काही नाही. म्हातारी मात्र मला छातीशी धरून त्या सड्याकडं बघत राहिली. देवाला वाहिलेलं लोकांच्या पायांत सांडलं होतं.

तेव्हा समीक्षा पुढं आली. तिनंही चपला काढल्या आणि गुडघे टेकून ती भंडारा बोटांनी गोळा करू लागली. एक चिमूट तिनं कपाळाला लावली. मग मान वर करून म्हणाली, "काका, देवाचा भंडारा आहे. पाय जरा मागं घ्या."

तो माणूस मागं सरला.

पर्स त्याच्याच मुलाच्या पाठपिशवीत निघाली. त्यानं हात जोडले. हरणाबाई एवढंच म्हणाली, "घावली न्हवं? झालं तर." होडी सुटली तेव्हा वारा गार होता. समीक्षानं माझं एक टोक स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं. "टोचतंय गं," म्हणाली. पण काढलं नाही.

मित्रांनो, घरात जुनी घोंगडी असेल तर तिला ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा पाला ठेवा, म्हणजे कसर लागत नाही. धूळ बसली तर खुशाल झटका. पण संशय आला म्हणून कुणाला त्याची घोंगडी झटकायला लावू नका. त्या दिवशी समीक्षानं पुष्कळ भंडारा वेचला. तरी थोडा त्या दगडाच्या भेगांत राहिलाच.