पूल ओलांडू

मी हेडफोन बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. इकडचं तिकडे पोचवणं हे माझं काम. दोन कान, डोक्यावरून जाणारी एक पट्टी आणि तोंडाशी येणारा बोटभर माइक, एवढाच माझा संसार. पण आज बोलतो, कारण दोन वर्षं एक गोष्ट मला एकट्यालाच ठाऊक होती आणि ती पोटात ठेवून मला कधी स्वस्थ झोप लागली नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एकीने तार जोडली, दुसरीने कानांना गाद्या बसवल्या, तिसरीने माझ्यात ‘हॅलो, हॅलो’ म्हणून पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. तिने एखादं पूर्ण वाक्य बोलून पाहायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पण जाऊ दे. दुसऱ्यावर ढकलायची माझी जुनी खोड आहे.

मला विकत घेतलं ते दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका बाईने. खिडकीपाशी तिचं कामाचं टेबल आहे. त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात आणि दिवसभर माझ्याकडे बघून हसतात. ते मला कधीच आवडले नाहीत. बाई मला कानावर चढवून गाणी ऐकत मेणाचे दात बसवायची, फोन आला तर माझ्यातूनच बोलायची, काम संपलं की खिळ्याला टांगायची. शेजारच्या खोलीत तिची आई. आईचे गुडघे गेलेले, पण कान माझ्यापेक्षा तिखट.

एके दिवशी बाईने टेबलाचा खण ढकलला आणि माझी तार त्यात चेमटली. तिला कळलंही नाही. आत, डाव्या कानाशी, एक बारीकसा तडा गेला. मान सरळ असली की मी ठणठणीत. मान हलली की दोन सेकंद माझा माइक मुका.

आता या बाईची एक सवय सांगतो. ‘हो’ म्हणताना ती जागची हलत नाही. पण ‘नको’, ‘नाही’, ‘नका’ म्हणताना तिची मान आपोआप हलते. म्हणजे नेमका नकार आला की मी गेलो. मी खिळ्यावर टांगलेला असायचो आणि माझा जीवही टांगणीला.

पहिला घात झाला तो आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनच्या आधी. बाईचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावात शीतगृहात कामाला आहे. त्याचा फोन आला. तो म्हणाला, “रजेचं जरा कठीण आहे. येतो मी, पण तूच सांग, येऊ की नको?”

बाई दात घासत होती, म्हणजे कवळीचे. ती म्हणाली, “तू येऊ नकोस असं मी कशाला म्हणेन?”

तेव्हा तडा नवा होता; मान हलल्यावर क्षणभराने तार सुटायची. त्यामुळे पलीकडे पोचलं ते एवढंच: “तू येऊ नकोस.”

मग तो “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला. बाईला वाटलं, येतोय. ती दवाखान्याच्या बाकावर दिवसभर जिन्याकडे बघत बसली. तो आला नाही. ध चा मा मी मुद्दाम केला नव्हता हो, पण झाला माझ्याकडूनच.

पुढे आईने फोनवर त्याला विचारलं, “का रे नाही आलास?” तो म्हणाला, “ताईला विचार.” आईने ताईला विचारलं. ती म्हणाली, “त्यालाच विचार.” या घरात विचारण्यात फार कमीपणा वाटतो. आईनेही मग नाद सोडला, आणि हळूहळू त्याचे फोनही थांबले. सगळं ऐकणारा मी मात्र खिळ्यावर.

तरी एक धागा उरला होता. तो म्हणजे खेळ. कॉम्प्युटरवरचा, गडांचा आणि सैन्यांचा. पाच जणांचा एक गट विरुद्ध दुसरे पाच, मध्ये नदी, दोन्ही काठांना एकेक गड. ज्याचं निशाण पडलं तो हरला. या अबोल्याच्या आधीपासून हे पाच जण एकत्र खेळत होते: आमची बाई, म्हणजे ताई, घोडदळ चालवणारा भाऊ, ज्याला सगळे घाईराव म्हणतात, गटाचे प्रमुख मास्तर, हे निवृत्त गणित शिक्षक, आणि दोन जुळे, ज्यांचा आवाज इतका सारखा की कोण बोललं ते त्यांच्या आईलाही कळत नसावं.

अबोला झाला, पण गट कोणी सोडला नाही. बोलायचं ते फक्त खेळातलं. आई आतून विचारायची, “बोलला का?”

“बोलला.”

“काय म्हणाला?”

“उजवीकडून भालाईत पाठव म्हणाला.”

“बरं आहे ना तो?”

“भालाईत मागतोय म्हणजे बराच असणार.”

एवढ्यावर आईचा आठवडा निघायचा.

आणि आता तेही संपायची वेळ आली होती. स्पर्धेत आमचा गट तळाला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, म्हणजे खरंच, पडद्याकडे बघून. ते म्हणाले, “रविवारचा सामना हरलो तर आपण स्पर्धेतून बाहेर. मग मी थांबणार. तुम्हीही आपापली कामं बघा.” भाऊबहीण दोघांनाही कळलं होतं की गट गेला तर ‘भालाईत पाठव’ म्हणायचीही सोय राहणार नाही.

रविवारी सकाळी अकराला सामना. माझी तार जरा सोललेली दिसली म्हणून ताईने तिला काळी चिकटपट्टी गुंडाळली, तीही चुकीच्या जागी. आजवर खेळात कसंबसं निभावलं होतं. देवा, आज तिला फक्त ‘हो’ म्हणायची पाळी येऊ दे, एवढंच मी मागत होतो.

ताईचं काम टेहळणीचं. बुरुजावर बसून नदीपलीकडे नजर ठेवायची आणि सांगायचं. गटाचा नियम असा की टेहळणीवाल्याने सांगितलं की प्रश्न विचारायचे नाहीत, करून मोकळं व्हायचं. कारण विचारत बसलं की वेळ जातो. नियम मास्तरांचा आणि शिस्तीला धरून. मला मात्र तो ऐकताच घाम फुटायचा.

पहिली पंधरा मिनिटं बरी गेली. “डावीकडे तिरंदाज.” “कोठार भरलंय.” मान सरळ, मी ठीक. घाईरावने त्यांची एक चौकी जाळली, तेव्हा ताई हळूच म्हणाली, “छान.” खेळात नसलेला शब्द होता तो. मला फार बरं वाटलं आणि मग लगेच भीती वाटली, कारण मला बरं वाटलं की काहीतरी होतंच.

शत्रूने पूल मोकळा सोडला. एक पहारेकरी नाही. घाईराव म्हणाला, “ताई, पूल रिकामा दिसतोय. लवकर सांग.”

ताईने बुरुजावरून पाहिलं. पलीकडच्या झाडीत सैन्य दडलेलं, आणि काही जण खालच्या उताराने पाण्यातून आमच्या गडाकडे निघालेले. सापळा होता. ती ओरडली, “पूल ओलांडू नका!”

तिची मान हलली. तडा आता जुना झाला होता. आता तार क्षणभरही थांबत नव्हती. मी ‘नका’ला गच्च धरायला गेलो आणि ते माझ्या हातून निसटलं.

चौघांच्या कानात पडलं, “पूल ओलांडू!”

“चला,” घाईराव म्हणाला आणि चौघेही पुलावर चढले.

“अरे नका, नका म्हटलं ना!” ताई म्हणत होती आणि जितक्यांदा म्हणत होती तितक्यांदा मान हलत होती. मला सावरायला उसंतच मिळेना. चौघे पार झाले, आणि पलीकडच्यांनी उचलता पूल वर ओढून घेतला. इकडे गडावर ताई एकटी. तिने नेटाने चार मिनिटं दार धरलं. मग आमचं निशाण पडलं.

हरलो.

“तूच म्हणालीस ओलांडू,” घाईराव म्हणाला.

“मी उलट सांगितलं होतं.”

“चौघांनी ऐकलंय. नेहमीचंच आहे तुझं. सांगायचं एक आणि मग नाक वर करून बसायचं.”

“नेहमीचं म्हणजे?” ताईचा आवाज चिरका झाला. “वाट बघायला लावणं नेहमीचं कोणाचं आहे?”

जुळ्यांपैकी एक म्हणाला, “आम्ही निघतो.” दुसराही तेच म्हणाला, किंवा पहिलाच पुन्हा म्हणाला. मास्तरांनी मात्र खेळाचं रेकॉर्डिंग लावलं. त्यांना प्रत्येक सामन्याची उजळणी करायची सवय. ‘पूल ओलांडू’, आणि मग ‘खट्’. त्यांनी ते तीनदा ऐकवलं. मी शरमेने अर्धा झालो.

“हे खट् काय आहे?” मास्तर म्हणाले. “ताई, तुझा आवाज तुटतोय. पुढे काहीतरी होतं.”

तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला. आई भिंत धरत धरत आली होती. तिने माझा माइक ओढून आपल्या तोंडाशी घेतला. “नका म्हणाली ती. मी आतून ऐकलंय. भिंतीतून सगळं ऐकू येतं मला.”

“आई?” घाईराव म्हणाला.

“हो, आईच. म्हातारी झाले, बहिरी नाही झाले.”

मग तो एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, “ताई, ऑपरेशनच्या आधी फोन केला होता मी. तेव्हा हाच हेडफोन होता?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं. आता उजेडात यायचंच होतं.

ताई सावकाश म्हणाली, “हाच. का?”

“तू येऊ नकोस म्हणालीस. एवढंच ऐकलं मी.”

“तू येऊ नकोस असं मी कशाला म्हणेन, असं म्हणाले होते रे.” या वेळी तिने मान अजिबात हलवली नाही. दोन्ही हातांनी मला डोक्यावर दाबून धरलं होतं. वाक्य शेवटपर्यंत पोचलं. मी पोचवलं.

पलीकडे मास्तरांनी घसा खाकरला आणि ते गुपचूप निघून गेले. मग भाऊ म्हणाला, “पुढच्या रविवारी येऊ?”

“ये,” ताई म्हणाली.

एका अक्षराचं उत्तर. तोडायला त्यात मला जागाच नव्हती.

तो आला. गुडघ्यावर लावायचं तेल घेऊन, आणि आल्या आल्या आईची बोलणी खाल्ली. मग ताईच्या टेबलाशी बसला, मला हातात घेतलं, तार वाकवून तडा नेमका कुठे आहे ते शोधलं. प्लास्टरचे जबडे हसत होते. शेजारी ताईने आणलेला नवा हेडफोन खोक्यात बसला होता. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात तो हाच. मी ओळखलं, आपला शेवट आला. आणि खरं सांगतो, मला ते मान्य होतं.

त्याच्या तोंडात घास होता. तो म्हणाला, “ताई, हा फेकू...”

तो घास चावत राहिला. किती वेळ चावला देव जाणे. मग गिळून म्हणाला, “...नकोस. तार बदलून देतो मी.”

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे, नव्या तारेसकट. गट सुटला तो सुटलाच. मास्तर डोळ्यांत थेंब घालतात आणि जुळ्यांचं काही कळलेलं नाही. भाऊबहीण आता फोनवर बोलतात, आणि कधी कधी नुसतं भांडतात. तुम्हाला एकच विनवणी आहे. कोणाचं बोलणं तोडून टाकणारं वाटलं, तर मनात धरून बसू नका. एकदा विचारा, “पुढे काही म्हणालात का?” विचारायला दोन सेकंद लागतात. माझ्यामुळे त्यांची दोन वर्षं गेली.