बुधवारचा उपास

वनमालाच्या हातात पैसे यायचे शनिवारी संध्याकाळी आणि संपायचे मंगळवारी. आठवडा मात्र शुक्रवारपर्यंत चालायचा. मधली फट कशी बुजवायची ही विद्या घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या चढावरच्या खोलीत एकट्या तिलाच येत होती, आणि त्या विद्येची गुरुदक्षिणाही तीच भरत होती.

संपात गिरणी सुटल्यावर तिचा नवरा काशीराम साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लागला होता. पत्रे कापायचं काम, पगार आठवड्याचा. त्यातले साठ रुपये वाणसामानाला. साठ रुपयांत नवरा-बायको आणि दोन पोरं पोटभर जेवत नाहीत, पण जेवल्यासारखी दिसतात. पाचवं तोंड आलं की ते दिसणंही जातं. पाचवं तोंड होतं तिच्या थोरल्या दिराचं.

धाकू आठ दिवसांसाठी म्हणून आला होता. त्याला आता दीड वर्ष झालं. गिरणीत तो जॉबर होता, कामगारांवरचा मुकादम. काशीरामला गावाहून त्यानंच आणलं, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, त्यानंच चिकटवलं, तेव्हा त्याला ‘दादा, आता पुढचं काय’ असं विचारायची काशीरामची छाती नव्हती. एकदा धीर करून काशीरामनं बिल्डिंगच्या वॉचमनची जागा सुचवली. धाकू म्हणाला, “जॉबरान शिट्टी फुकूची?” आणि वर म्हणाला, “संप अजून मागे घेवक नाय हा.” ते खरंच होतं. संप कोणी मागे घेतला नव्हता. तेवढ्या एका गोष्टीवर धाकू सकाळी चहा-चपाती, दुपारी भात आणि रात्री पुन्हा भात खात होता. मधल्या वेळात न्हाव्याच्या दुकानात फुकटचा पेपर वाचून मुंबई कशी चालवावी ते सांगत होता.

वनमालानं आधी डाळीत पाणी वाढवलं. मग एका नारळाचे चार दिवस केले. वाणी श्यामसुंदर तिला बघितलं की पाव किलोचं माप आपणहून बाजूला ठेवून छटाकाचं काढायचा आणि म्हणायचा, “वहिनी, तुमच्याएवढी नेमकी गिऱ्हाईकं असती तर मी दुकान खिशात घालून फिरलो असतो.” तीही त्याला म्हणायची, “दुकान नंतर घाला, आधी तराजूखालचा अंगठा काढा.”

एवढं करूनही तूट राहायचीच. ती तिनं देवाच्या नावावर टाकली.

सोमवार शंकराचा होताच. त्यात गुरुवार आला, मग शनिवार. साबुदाणा परवडत नाही म्हणून उपास नुसत्या चहावर. घरात कोणी हरकत घेतली नाही. बाईमाणूस उपास धरते म्हटल्यावर घराला पुण्य लागतं, आणि वर एका ताटाचा भात वाचतो. कोण हरकत घेणार?

बुधवारची गोष्ट निराळी. वर्कशॉपला सुट्टी बुधवारी, म्हणून मासे बुधवारी; तेवढे पैसे ती शनिवारीच डब्यात बाजूला काढायची. कोळीण अंजनाबाई पाटी घेऊन चढ चढून यायची. पाच बांगड्यांच्या एका वाट्यात धाकूला दोन, काशीरामला दोन आणि उरलेल्या एकात दोन्ही पोरं. पातेल्यात राहायचं तिरफळ आणि रस. पहिले दोन-चार बुधवार वनमालानं रसाशी भात खाल्ला. मग एकदा काशीराम म्हणाला, “तुला तुकडी नाही काय गं?” त्या विचारण्यात एवढं अवघडलेपण होतं की तिलाच त्याची दया आली. ती म्हणाली, “माझा बुधवार आहे. रवळनाथाला बोललेय.”

बुधवारचा उपास गावात कोणी धरत नाही. पण रवळनाथ गावचा देव, नवस ज्याचा त्याचा, आणि दुसऱ्याच्या नवसात नाक खुपसू नये, ही शिकवण दोघा भावांना लहानपणापासून. धाकूनं हात जोडले आणि दुसरा बांगडा फोडला.

तर अशा एका बुधवारी सकाळी अंजनाबाई दारात पाटी उतरवून बसली. वाटा काढता काढता म्हणाली, “तुजी पोरगी काय खाते का नाय गो? पिवली पडली.”

“कोण, जया? खाते की.”

“खाते तं जाते कुठं? गेल्या बुधवारी मी उतरत होते, ही शालेतून येत होती. पायरीवर बसली मटकन. डोले पांढरे. मी पानी मारलं तोंडावर तं मलाच सांगते, मावशी, आईला बोलू नको. बारा वर्साची पोर, आताच वाढायचं वय. एक बांगडा खायला घाल अख्खा.”

वनमालाच्या हातातला पैसा हातातच राहिला. पोरीला रोज तीच तर वाढत होती. ताट रिकामं दिसत होतं. मग?

तिनं वाट्यावर एक मोठा बांगडा जास्त घेतला. त्याचे पैसे डब्यातले, शुक्रवारपर्यंतच्या तेलाचे होते. तेलाचं काय करायचं ते तेलाच्या वेळी बघू.

दुपारी दोघे भाऊ भिंतीला टेकून बसले. धाकट्या रतनला वाढलं. जया शाळेतून आली, हातपाय धुऊन बसली. आज पाच बांगड्यांची वाटणी झाल्यावर वनमालानं सहावा डावावर घेतला आणि जयाच्या ताटाकडे वळवला. पोरीनं ताटावर हात आडवा धरला.

“मला नको. माझा बुधवार आहे.”

“कुठला बुधवार?”

“तुझाच. रवळनाथाचा.” जया भाताकडे बघत हळूच म्हणाली. “मी पण धरलाय. गणपतीपासून.”

“अगं, मी वाढते ते खातेस ना तू?”

“तू चुलीकडे वळलीस की रतनच्या ताटात सारते, सकाळची चपातीसुद्धा. तो सांगत नाही.”

रतननं मान खाली घालून भराभर जेवायला सुरुवात केली.

धाकूला मात्र भरून आलं. त्यानं तोंडातला घास गिळला आणि भावाला म्हणाला, “बघ काशी. चेडवाक वळण बरा लागला हा. ह्या वयात देवाचा करतत, त्यांका देव काय कमी करना नाय.” मग डावाकडे बोट केलं. “तो मगे हयसर हाड, वनमाला. तिचो उपास मोडू नको.”

आणि त्यानं ताट पुढे सरकवलं.

वनमालाला आधी काही ऐकूच आलं नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकेक वार तिनं आपल्या अंगावर घेतला होता तो ह्या पोरीवर येऊ नये म्हणून. आणि पोरगी बाजूला बसून शिकत होती. आईनं न सांगता, न दाखवता शिकली, तेही बरोब्बर बुधवार निवडून. म्हणजे मासे कुणाला पुरत नाहीत ते तिला कळलं होतं. ह्या दोन बाप्यांना दीड वर्षात कळलं नव्हतं.

तिनं डाव मागे घेतला. बांगडा जयाच्या ताटात ठेवला. मग भिंतीवरचं एक ताट काढलं, त्यात भात घेतला, वर रस ओतला, काशीरामच्या ताटातला न मोडलेला बांगडा उचलून आपल्या भातावर ठेवला आणि भावांच्या समोर, पंगतीतच, मांडी घालून बसली.

“वनमाला,” काशीराम म्हणाला, “बुधवार आहे आज.”

“माहीत आहे.” तिनं घास घेतला. “बुधवार आता भावजींना दिला. देव त्यांच्या गावचा, ते घरात मोठे.”

“बायलमाणसान बोललेलो नवस बाप्यान फेडूचो?” धाकूचा हात ताटावरच राहिला होता.

“नवस कसला? रवळनाथाला मी एक शब्द बोलले नाही. बांगडे पाच यायचे, खाणारी माणसं पाच, आणि तुम्ही दोघं दोन-दोन घ्यायचात. मी काय खाणार होते, पाटी?”

“देवाचा नाव घेवन खोटा?”

“खोटं बोलले. देवाशी माझं मी बघेन. त्याला निदान माझी भूक तरी दिसत होती.”

काशीराम पुटपुटला, “मला वाटलं, तुझी भक्ती...”

“तुम्हाला ते वाटणं सोयीचं होतं. लग्न झालं तेव्हा मी एक चतुर्थी धरत होते. आठवड्याचे चार वार उपास करायला लागले तेव्हा कधी विचारलंत, ही एवढी धार्मिक कधी झाली?” तिचा आवाज चढला नव्हता. काटा काढावा तसे शब्द एकेक काढून ताटाच्या कडेला ठेवत होती. “गुरुवार तुमचा. सोमवार भावजींचा. शनिवार मी ठेवते, एक माझा. आणि ह्या पोरीनं पुन्हा कुठल्या वाराचं नाव घेतलं तर मी त्या वारी चूल पेटवणार नाही, सगळ्यांनाच पुण्य लागू दे.”

धाकूनं ताट बाजूला सारलं. हे त्याचं ठेवणीतलं हत्यार होतं; हे निघालं की काशीराम हातापाया पडायचा. “काशी, तुझ्या घरात माझो असो पाणउतारो? मी संपावर आसय म्हणान? जातंय मी गावाक.”

काशीरामनं तोंड उघडलं. वनमालानं त्याला बोलू दिलं नाही.

“संप तुमचा गिरणीशी, भावजी. तिथं तुम्ही जात नाही, बरोबर आहे. पण ताटावर दोन्ही पाळ्या हजर असता, एक खाडा नाही. गावाला जायचं तर खुशाल जा. राहायचं तर ती वॉचमनची जागा अजून भरलेली नाही, चौकशी केलीय मी. शिट्टी फुंकायला लाज वाटत असेल तर नुसतं बसा. बसायची सवय आहेच.”

खालच्या नळावर बायकांच्या हंड्यांचा आवाज येत होता. धाकू काशीरामकडे बघत राहिला, भाऊ आपल्या बाजूनं काही बोलेल म्हणून. काशीराम आपल्या ताटातल्या एकुलत्या बांगड्याकडे बघत होता. मग तो म्हणाला, “दादा, जेव. थंड होतंय.” एवढंच. राहा म्हणाला नाही.

धाकूनं ताट पुन्हा ओढलं आणि जेवू लागला.

जयानं मात्र अजून ताटाला हात लावला नव्हता. ती आधी काकाकडे, मग बापाकडे बघत होती.

“तिकडे काय बघतेस?” वनमाला म्हणाली. “त्यांच्या तोंडावर वाढलंय काय तुला?”

“सगळा खाऊ?”

“सगळा.”

पोरीनं शेपटीकडची एवढीशी तुकडी मोडली, भातात घोळवली, खाल्ली. मग दुसरी. तिसऱ्या घासानंतर तिनं मान वर केली नाही. कडेला नुसता काटा उरला, आणि ताटात भातही उरला नाही.

“आई, भात आहे?”

टोपात अजून एका ताटाचा भात होता. दुपारी धाकूला दुसऱ्यांदा लागायचा तेवढा. धाकूचं ताट रिकामं होत आलं होतं आणि त्याची नजर टोपावरच होती.

वनमाला उठली आणि टोप जयाच्या ताटावर उपडा केला. तळाला चिकटलेली शितंसुद्धा उलथण्यानं खरवडून काढली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.