सहदेवचं दुपारचं जेवण

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी बाकडं आहे. खालापूरजवळच्या एका कारखान्याच्या गेटाशी, भंगाराच्या ढिगाशेजारी हल्ली माझा मुक्काम असतो.

कर्जतच्या एका सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. कारखान्याच्या कँटीनमध्ये मी अठरा वर्षं काढली. तिथे इंदूबाई स्वयंपाक करायची. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं असलं की माझ्यावर आठाऐवजी दहा माणसं दाटीने बसत. जेवता जेवता यंत्रांच्या तक्रारी निघत. पत्रा कसा धरायचा, हे नवा माणूस इथेच शिकायचा. माझ्या टोकाला कडाव गावचा सहदेव बसायचा. तो पत्रा कापायच्या यंत्रावर होता. त्याने कापलेला तुकडा तपासणीत कधी बाद होत नसे.

गेल्या वर्षी देवव्रत साहेब नवे मॅनेजर म्हणून आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळ्यांना जमवून विचारलं, "कँटीनऐवजी जेवणाचे पैसे पगारात दिले तर? ज्याला जे आवडेल ते त्याने खावं."

सगळ्यांत आधी हात वर केला तो सहदेवने. त्याच्या मुलीला, सुरभीला, पनवेलला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता.

भांडी आवरताना इंदूबाई त्याला म्हणाली, "पैशे हातात पडतील रं. पोटात काय पडंल?"

"तुजं काम गेलं, वाईट वाटतं गं," सहदेव म्हणाला. "पन पोरीची फी हाय."

कँटीनला कुलूप लागलं आणि मला गेटाशी आणून टाकलं. आता कोणी यंत्रापाशीच डबा उघडे, कोणी हायवेवर वडापाव खाऊन येई. सहदेव मात्र रोज माझ्यावर येऊन बसायचा. एकटाच. बाटलीभर पाणी प्यायचा आणि उठायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "भूक नाय."

दुपारनंतर त्याचे तुकडे बाद होऊ लागले. जेवताना एकमेकांना सांगणं-शिकवणं थांबलं, तसं हळूहळू साऱ्या कारखान्याचंच काम घटलं. साहेब गेटाशी उभे राहून म्हणाले, "पैसे तर पूर्ण देतोय. मग झालं काय?" मला माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी सहदेवला भोवळ आली. उजवा हात यंत्रात गेला. चार बोटं तुटली.

दुसऱ्या दिवशी सुरभी त्याची पिशवी न्यायला आली. तिने वॉचमन पोपटला विचारलं, "काका, कँटीन कुठं हाय? बाबा जेवले होते का काल, डॉक्टर विचारतायत."

"कँटीन? ते बंद होऊन आठ महिने झाले, पोरी."

"नाय हो. आई डबा भरायला गेली की बाबा म्हनतात, कशाला गं, कंपनीत गरम जेवान मिळतं. माझी फी भरली तवा म्हनले, पगार वाढला."

पोपटने सहदेवची पिशवी तिच्या हातात दिली. सुरभी माझ्यावर बसली आणि पिशवीत तोंड खुपसून रडली. इतक्या वर्षांत माझ्यावर बसून कोणी असं रडलं नव्हतं.

साहेबांनी कँटीन पुन्हा उघडलं. इंदूबाईही परतली. सहदेव त्या हाताने कामावर परतू शकला नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. संध्याकाळी तुमचं माणूस कामावरून घरी आलं की त्याला विचारा, "दुपारी जेवलात ना?" ते हो म्हणालं, तरी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहा.