उजवा प्रसाद

महादेव गुरवाने एक ओली पाकळी देवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवली, दुसरी डाव्या, आणि हात जोडले.

"बायेच्या मनात जां आसा, तेचो प्रसाद दी रे महाराजा!"

उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नेमका तेव्हाच गौरवीचा फोन थरथरला. आईने डोळे वटारले, तशी ती मंडपात गेली.

फोन पुण्याहून, तिच्या विद्यार्थ्याचा, स्वप्नीलचा. अवकाशातल्या दुर्बिणीच्या नोंदींत त्याला गॅमा किरणांचा स्फोट सापडला होता. दूरवर कुठे एखादा तारा संपताना काही सेकंद उसळतो, तसला. निदान त्याला तसं वाटत होतं.

"पहिल्याच चाळणीत दिसला?"

"नाही मॅडम. एकेका सेकंदाचे तुकडे पाडले, तेव्हा नाही. दहा-दहाचे पाडले, तेव्हाही नाही. मग चार-चारचे पाडून पाहिले, तर शिखर अगदी स्पष्ट आलं!"

"दुर्बिणीवर किरणांचा मारा अखंड चालूच असतो, स्वप्नील. हवं ते दिसेपर्यंत तुकडे पाडत बसलास, तर कधी ना कधी दिसणारच. हे जाहीर करायचं नाही."

पोराचा हिरमोड झाला असणार. पण त्याला इलाज नव्हता.

ती आत आली तेव्हा डावी पाकळी पडलेली होती.

आईच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. मंगळवारी बांबोळीच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं होतं. आणखी थांबलात तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण देवाला विचारल्याशिवाय हळर्णची वेस ओलांडणार नाही, हा आईचा, देवकीचा, हट्ट.

"परत लावा, काका."

"देवान सांगला गो बाय."

"पाकळी बरी भिजूंक नाय. परत लावा."

महादेवाने देवकीकडे पाहिलं. त्याने पुन्हा लावल्या. पुन्हा डावीच पडली.

"पंख्याचो वारो लागता," असं म्हणून गौरवीने गाभाऱ्याच्या दारातला पंखा स्वतः बंद केला. एरवी ती देवळात आलीच तर खांब बघायला यायची. "आता लावा."

तिसऱ्यांदा उजवी पडली.

गौरवीला एकदम रडू आलं. तिने देवाला वाकून नमस्कार केला, नारळाशेजारी दक्षिणा ठेवली आणि पंखा पुन्हा सुरू केला. देवकीचा चेहरा तर कित्येक दिवसांनी उजळला होता.

दोघी पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्या.

"मंगळवारी सकाळीच निघूया," गौरवी म्हणाली. "तुझी बॅग मियां भरतंय."

"बॅग कित्याक?"

"कित्याक म्हंजे? देवान होय म्हटल्यान न्हय!"

"म्हटल्यान मा. मियां मनात धरलेलां, ऑपरेशन केल्याशिवाय निभावतलां काय?"

गौरवी जागच्या जागी थांबली.

"दोन फावटी देव नाय म्हणालो," देवकी सांगत होती. "माका वाटलां, आता जावचांच पडतलां. तू हट्ट धरलंस म्हणान वाचलंय गो."

ती पुढे निघाली, चार पावलांवर दम खायला थांबली, आणि मागे वळून लेकीकडे पाहून हसली.