चालेल आणि परत

चार दिवसांच्या सुट्टीसाठी जावयाने तीन आठवडे तयारी केली होती. तळ्याकाठी राहायला जागा शोधायची म्हणून त्याने एवढे फोटो पाहिले, की शेवटी शेवटी त्याला सगळ्या खोल्या एकाच आईच्या लेकरांसारख्या दिसू लागल्या. तोच पलंग, तीच खिडकी, खिडकीत तेच पाणी. तरी गडी मागे हटला नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे त्याचं काम, आणि त्या कामात माणसाला एकच गोष्ट चौदा वेळा निरखायची खोड लागते.

"अरे, लग्नाआधी मला तरी एवढं पाहिलं होतंस का?" बायको म्हणाली.

"हे तुझ्यासाठी नाही. आईंसाठी चाललंय."

आई म्हणजे त्याच्या सासूबाई. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. त्यातली शेवटची एकोणीस तपासणीच्या टेबलावर. धुऊन, वाळून, इस्त्री होऊन आलेली प्रत्येक चादर त्यांच्या हाताखालून जायची आणि मगच गाडीत चढायची. यंदा उजव्या खांद्याने संप पुकारला. डॉक्टरांनी सांगितलं, आता वजन उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत. आणि बाई राहत होत्या चौथ्या मजल्यावर, एकट्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत.

लेकीने तीनदा विचारलं होतं, "आई, आमच्याकडे राहायला ये. खोली रिकामीच आहे." तिन्ही वेळा उत्तर आलं, "बघू." आता आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

घोडं कुठे अडलंय हे जावयाला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे त्याला तसं वाटत होतं. आठ वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा त्यांच्या घरी गेला, तेव्हा त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं, नोकरीबद्दल दोन प्रश्न विचारले होते, संपलं. निरोप घेऊन तो जिन्यात बुटाची नाडी बांधत होता. दार पूर्ण लागलं नव्हतं. आतून लेकीने विचारलं, "कसा वाटला?" आणि सासूबाई म्हणाल्या, "चालेल."

बस्स. चालेल. मित्रांना त्याने हा किस्सा हसत हसत सांगितला, "चालेल काय, पळेल!" वगैरे स्वतःच म्हणून घेतलं, पण तो शब्द मनात रुतून बसला तो बसलाच. भाजीत मीठ कमी पडलं तरी माणूस म्हणतो, चालेल. टॅक्सी मिळाली नाही तर बसने गेलं तरी चालेल. ज्या जावयाला 'चालेल' म्हणून पास केलं, त्याच्या घरी उरलेलं आयुष्य काढायला कोण येईल? म्हणून हे चार दिवस. एका छपराखाली चार दिवस आपल्यासोबत बरे गेले, तर आई 'बघू' सोडून 'हो' म्हणतील, एवढीच त्याची आशा होती.

सासूबाई सुट्टीवर यायला तयार झाल्या, पण एका अटीवर. "खोली मी आधी बघणार. नाही पटली, तर संध्याकाळच्या बसने घरी."

पहिलं हॉटेल जावयाच्या यादीत सगळ्यात वर होतं. पाण्याला लागून, चार मजली, लिफ्टसकट. खोलीचं दार उघडलं आणि समोरच्या मोठ्या काचेत सगळं तळं येऊन उभं राहिलं. बायको "अगंबाई" म्हणून तिथेच थांबली. जावई सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आणि त्यांची तळ्याकडे पाठ होती. त्या पलंगाजवळ गेल्या होत्या.

त्यांनी चादरीचा कोपरा ओढून काढला, खिडकीच्या उजेडाकडे धरला. मग टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं, थेंबभर पाणी कापडावर टेकवलं आणि तिथे अंगठा नि तर्जनी फिरवली.

"निसरडं लागतंय," त्या म्हणाल्या. "बघा."

जावयाने बोट लावलं. खरंच, हलकंसं बुळबुळीत लागत होतं.

"आमच्याकडे चादरी रोज धुतल्या जातात, मॅडम," हॉटेलचा माणूस म्हणाला. त्याचा आवाज जरा दुखावलेला होता.

"धुता ना. खंगाळता कुठे?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "साबण आतच राहिलाय. पाण्याचा शेवटचा हात वाचवलाय कोणीतरी. माणसाला घाम आला की अंग खाजणार, आणि तो बिचारा म्हणणार डास चावले." कोपरा त्यांनी पुन्हा गादीखाली सारला, पहिल्यापेक्षा नीट. "परत."

जावयाचे तीन आठवडे एका बोटावर गेले. पण गंमत अशी, की त्याला वाईट वाटायचं राहूनच गेलं. दुकानात तो भिंगावरचा ओरखडा उजेडात शोधायचा तेव्हा गिऱ्हाईक म्हणायचं, यात काय बघता एवढं. आज पहिल्यांदा त्याला कोणीतरी आपल्या जातीचं भेटलं होतं, आणि तेही आठ वर्षं घरातच असलेलं.

लिफ्टमध्ये त्याने बायकोला हळूच विचारलं, "परत म्हणजे? घरी परत?"

बायको हसली. "नाही रे. टेबलावरचा शब्द आहे तो. चादर पास झाली तर चालेल, नाही झाली तर परत, म्हणजे पुन्हा धुवायला. एवढे दोनच शब्द होते तिथे."

"आणि उत्तम असेल तर?"

"तर चालेल."

"अगदी नंबर एक असेल तर?"

"अरे, तर चालेलच. तिसरा शब्द कशाला हवा? धुण्याच्या ढिगात ढकलायची की माणसाच्या अंगाखाली घालायची, प्रश्न एवढाच." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्याआधी मी आणखी दोघांना घरी नेलं होतं, माहितीये ना तुला? दोघेही परत."

लिफ्ट तळमजल्यावर थांबली तरी जावई आतच उभा राहिला. शेवटी बायकोने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. आठ वर्षं जो शब्द त्याला टोचत होता, तो म्हणजे त्या घरातला सर्वांत मोठा दाखला होता, आणि हे त्याला सांगावं असं कोणाला सुचलं नव्हतं. मायलेकींना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. त्याचा चेहरा एवढा उजळला, की सासूबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय झालं?"

"काही नाही, आई. चला पुढची बघू."

पण मग एक नवाच प्रश्न उभा राहिला. आई आपल्याला पास करून बसल्या आहेत, तर मग येत का नाहीत?

दुसरी जागा म्हणजे पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी खोल्या. इथे सासूबाईंनी चादरीला हातही लावला नाही. खाली वाकून त्यांनी उशीला गाल टेकवला आणि दोन श्वास घेईपर्यंत तशाच राहिल्या. "हाताला ओल कळत नाही, हात कामाने मेलेला असतो," त्या उठत म्हणाल्या. "गाल खोटं बोलत नाही." मग कपाट उघडून थप्पीतल्या अगदी तळच्या चादरीचा कोपरा ओढून हुंगला. "वरच्याच वापरतात. खालच्या बिचाऱ्या वर्षभर तशाच. परत."

जावयाच्या यादीत आणखी पाच नावं होती. ती घेऊन तिघं तळ्याकाठच्या रस्त्याने निघाली, तर सासूबाई मागच्या गल्लीच्या तोंडाशी अचानक थांबल्या. गल्लीत एक बसकं घर होतं, रंग उडालेलं, दारावर 'खोल्या मिळतील' अशी हाताने रंगवलेली पाटी. घराशेजारच्या मोकळ्या जागेत दोरीवर चार चादरी वाळत होत्या.

"ही बघू," त्या म्हणाल्या.

"आई, हे माझ्या यादीत नाही. इथून तळंसुद्धा दिसत नाही."

"दोरी दिसते ना."

आणि मग त्यांनी त्याला ती दोरी वाचून दाखवली. चादर काठाला काठ जुळवून टाकली आहे, म्हणजे वाळल्यावर ओढाताण होत नाही. चिमटे शिवणीवर लावलेत, कापडावर नाहीत. मधे वारा जायला जागा सोडलीय. तिसऱ्या चादरीला ठिगळ आहे, पण ते पायाकडच्या बाजूला घेतलंय, झोपणाऱ्याच्या तोंडाला शिवण लागू नये म्हणून. "हे कोणी शिकवलेलं नसतं," त्या म्हणाल्या. "त्यासाठी झोपणाऱ्याचा विचार करावा लागतो."

जावई दोरीकडे बघत राहिला. त्याने तीन आठवडे जे शोधलं, ते या बाईने गल्लीच्या तोंडावरून, पन्नास पावलांवरून वाचलं होतं. त्याला त्यांचा इतका अभिमान वाटला, की तो कोणाला तरी सांगावासा वाटला, पण गल्लीत एक मांजर सोडून कोणी नव्हतं.

घरमालक हा नाकावर चष्मा घसरलेला उंच गृहस्थ, पूर्वी होड्या दुरुस्त करायचा. तो चादरी उतरवायला बाहेर आला होता. सासूबाईंनी नमस्कार वगैरे काही न करता विचारलं, "खंगाळता किती वेळा?"

"पाणी स्वच्छ दिसेपर्यंत," तो म्हणाला. प्रश्नाचं त्याला काडीचंही नवल वाटलं नाही.

सासूबाईंनी सवयीने चादरीचं एक टोक धरलं, आणि खांदा चमकला. जावयाने पुढे होऊन टोक त्यांच्या हातातून काढून घेतलं. मग त्या बाजूला उभ्या राहून सांगत राहिल्या आणि तो नि घरमालक घड्या घालत राहिले. अंगठा आत ठेवा. आता ओढा, दोघांनी एकदम. अहो, भांडायचं नाहीये, ताणायचंय. तिसऱ्या चादरीपर्यंत जावयाला त्या ओढण्याचा ठेका सापडला. चौथी घडी सासूबाईंनी हातात घेऊन काठ बघितले, मग घराकडे मान केली.

"चालेल," त्या म्हणाल्या.

खोली लहान होती. दोन खुर्च्या, एक कपाट, भिंतीत पुस्तकं ठेवायचा कोनाडा. बायको बॅगा टाकून लगेच पाण्यावर गेली, ती तेवढ्यासाठीच आली होती. जावई सासूबाईंच्या पलंगावर चादर घालायला मागे थांबला. त्यांनी त्याला कोपरे कसे मोडायचे ते दाखवलं, आणि चादर ताठ बसल्यावर, दुपारी तीन वाजता, त्या पलंगावर आडव्या झाल्या. आठ वर्षांत त्याने त्यांना कधी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं.

तो पाय न वाजवता दाराकडे निघाला होता. मग थांबला. आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही, हे त्याला कळलं.

"आई, तुम्ही आमच्याकडे राहायला का येत नाही? माझं काही चुकतं का?"

सासूबाई छताकडे बघत होत्या.

"तुमच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी मी एक रात्र राहिले होते तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "आठवतं?"

"आठवतं ना. तुमच्यासाठी खास नवी चादर आणली होती मी. दोन तास दुकानात होतो."

"हो. पाकिटातली. घडीचे चौकोनसुद्धा दिसत होते तिच्यावर." त्यांनी डावा हात पोटावर घेतला. "पुढच्या वेळी आले तेव्हा तुम्ही मोठ्या हौसेने खोली दाखवलीत. पुन्हा नवी. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा नवी. दर वेळी दारातून बघायची मी, आणि संध्याकाळची बस धरायची."

"पण ती तुम्हाला आवडावी म्हणूनच..."

"जावईबापू, कोरी चादर पाहुण्याला घालतात. घरच्या माणसाला धुतलेली असते. मला वाटलं, ठीक आहे. पाहुणी आहोत, तर पाहुण्यासारखं जावं. पाहुणा जन्मभर कसा राहील कोणाकडे?"

जावयाच्या घरच्या कपाटात एकदाच घातलेल्या, नाहीतर घातल्याच नाहीत अशा नऊ चादरी होत्या. दर वेळी सासूबाई निघून गेल्या की त्याला वाटायचं, ही नाही आवडली, पुढच्या वेळी आणखी चांगली आणू. मान देता देता त्याने त्यांना दर वेळी दारापर्यंत पोचवलं होतं.

"आमच्या पलंगावरची एक आहे," तो शेवटी म्हणाला. "निळी होती. धुऊन धुऊन आता कुठल्या रंगाची म्हणावं कळत नाही. मधे फाटली होती, तिथे ठिगळ आहे."

"ठिगळ कोणी लावलं?"

"मी. हाताने. पण वाकडं आलंय, आणि बरोबर मधोमध आहे."

"मधोमध?" सासूबाईंनी त्याच्याकडे मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कपाळावर आठी होती, दोन्ही एकदम. "पाठीला टोचत असेल."

"टोचतं."

"ती काढून ठेवा माझ्यासाठी. पहिल्या तारखेला येते मी. ठिगळ उसवून नीट लावू, तुम्ही शिवा, मी सांगते."

जावयाने मान हलवली. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून तो पायाकडचा काठ सारखा करू लागला. तो आधीच सरळ होता, तरी त्याने एकदा, दोनदा, तीनदा त्यावरून तळवा फिरवला.

"राहू द्या आता," सासूबाई डोळे मिटत म्हणाल्या. "झोपू द्या मला."