इन्स्पेक्टर लॅम्बर्नचा खरा तपास

आमच्या नेदर विकममध्ये माणसं मरतात ती उन्हाळ्यात. मे महिन्यात लंडनहून ट्रक येतात, चर्चपुढच्या हिरवळीवर वायरी पसरतात, आणि सप्टेंबरपर्यंत चार-पाच खून उरकून मंडळी परत जातात. खरा खून आमच्या गावात कधी झाल्याचं कुणाला आठवत नाही. पण टीव्हीवर बघाल, तर इथं घर घ्यायची तुमची छाती होणार नाही. कुणी विहिरीत सापडतो, कुणी सफरचंदाच्या सायडरच्या पिंपात, आणि एक बिचारा तर फळभाज्यांच्या प्रदर्शनात पहिल्या बक्षिसाच्या भोपळ्यामागे. दर वेळी करड्या कोटातला इन्स्पेक्टर लॅम्बर्न सायकलवरून येतो, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून चहा पितो, आणि शेवटी सगळ्यांना एका जागी बसवून खुनी कोण ते सांगतो.

माझी ब्रिस्टलची बहीण नाक मुरडते. "विनी, तेच ते गाव आणि तेच ते मुडदे! कंटाळा कसा येत नाही गं तुला?"

नाही येत. लॅम्बर्न कुणाला दरडावत नाही, कुणाच्या अंगावर धावून जात नाही. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतो. माझ्या नवऱ्यानं, सिरिलनं, उभ्या संसारात माझं एक वाक्य पुरतं ऐकलं नाही, देव त्याचं भलं करो. त्यामुळे रविवारी संध्याकाळी तासभर एक पुरुष नुसता ऐकत बसलेला बघायला मिळतो, याचं मला अप्रूप आहे आणि ते मी लपवत नाही.

लॅम्बर्नचं काम करायचा एडमंड क्रेल. सिरिल गेल्यापासून तो दर उन्हाळ्यात माझ्याकडेच उतरायचा, मागच्या खोलीत, प्लमच्या झाडाकडे खिडकी असलेल्या. बाकीचे नट शहरातल्या हॉटेलात राहायचे. एडमंड म्हणायचा, गावात झोपल्याशिवाय गावचा खून सोडवता येत नाही. सकाळी न्याहारीला तो लॅम्बर्नची वाक्यं म्हणायचा आणि टोस्टला लोणी लावता लावता मी बाकीच्या सगळ्यांची. मी कितीदा खुनी झाले आणि कितीदा मेले, त्याला गणतीच नाही.

त्या शेवटच्या उन्हाळ्यात मला पहिल्याच आठवड्यात कळलं. वाक्य अर्ध्यावर आलं की एडमंड थांबायचा. पूर्वी थांबायचा तो मुद्दाम, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायला. आता थांबायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांत काहीच नसायचं.

मग एके दिवशी पबमध्ये त्यानं पर्सी गॅडला पाहिलं. पर्सी आमचा म्हातारा खाटीक, आता दुकान मुलीकडे दिलेलं. मालिकेत तो तीनदा मेलाय आणि प्रत्येक वेळी मुडदा असताना शिंकलाय. एडमंड त्याच्याकडे बघतच राहिला आणि फार काळजीनं म्हणाला, "अहो, तुम्हाला तर मारलं होतं ना?"

"मारलं होतं की!" पर्सी एवढ्या मोठ्यानं हसला की ग्लास हिंदकळला. "पण बियरसाठी परत आलो."

सगळा पब हसला. एडमंडही हसला, जरा उशिरा. तो गेल्यावर पर्सी ग्लासाकडे बघत म्हणाला, "विनी, तो थट्टा करत नव्हता."

"माहितीये मला. गप्प बस."

आणि गाव गप्प बसलं. आमच्याकडे शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तरी आधी हवापाण्याचं बोलून घेतात, मग दबकत विषय काढतात. एडमंडच्या बाबतीत तर विषय कुणी काढलाच नाही. दुकानात तो पैसे देऊन वस्तू तिथंच ठेवून निघाला, की मालकीण मागच्या दारानं ती माझ्याकडे पोचवायची. वळण चुकला, की कुणीतरी "मीही तिकडेच चाललोय" म्हणत सोबत जायचं. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो आणि त्याचा आम्हाला गर्व आहे.

शेवटच्या भागाचं शेवटचं दृश्य गावच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. गोष्ट अशी: पाद्रीबुवा घंटाघराच्या पायथ्याशी मरून पडलेत. लॅम्बर्न अख्ख्या गावाला हॉलमध्ये बोलावतो आणि सगळा गुंता उलगडून दाखवतो. खुनी निघते चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मिस ट्रॅपनेल. ते काम जोसलिन नावाची लंडनची नटी करत होती, अशी नाजूक की तिनं माशी मारली असेल यावर कुणी विश्वास ठेवू नये. आम्ही गावकरी गावकरीच होतो. घडीच्या खुर्च्यांवर नीट रांगा करून बसायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, एवढंच आमचं काम. एडमंडचं भाषण लांबलचक होतं, आणि त्यानंतर लॅम्बर्न निवृत्त होणार होता.

सकाळपासून ते भाषण तुटत होतं. कधी किल्लीच्या वाक्याशी, कधी चिखलाच्या बुटांच्या. कॅमेऱ्यामागे ठळक अक्षरांचे फलक धरून पाहिले. पण लॅम्बर्न बोलतो तो समोरच्याच्या डोळ्यांत बघून. एडमंड फलकाकडे बघायला लागला की तो लॅम्बर्नच राहायचा नाही, नुसता वाचणारा म्हातारा दिसायचा. ते त्यालाही कळत होतं. त्यानंच हात करून फलक खाली ठेवायला लावले.

इमोजेन ही दिग्दर्शिका तरुण होती, पण वाईट नव्हती. ती त्याला चहाच्या टेबलापाशी घेऊन आली. मी तिथं कप भरत होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

"एडमंड, जेवणाआधी आणखी एकदाच करू. नाही जमलं, तर भाषण लॅम्बर्नच्या सार्जंटला देते. तुम्ही खिडकीपाशी उभे राहा. पाठमोरे. तेही सुंदर दिसेल."

"पाठमोरा," एडमंड म्हणाला.

"मला खरंच वाईट वाटतंय."

"तुझं काही चुकत नाही, बाळ." आणि माझ्या हातून कप घेऊन एक घोटही न पिता त्यानं तो परत ठेवला.

मला इतका राग आला की कुणावर काढावा कळेना. एवढी वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून खरं काढून घेणारा माणूस, त्याला शेवटच्या भागात खिडकीकडे तोंड करून उभा करणार! मी जाऊन माझ्या खुर्चीवर बसले आणि पर्सीला म्हटलं, "हात जोडून बस." तो म्हणाला, "सकाळपासून तेच करतोय."

सुरुवात झाली. एडमंडनं टोपी काढली आणि आमच्यासमोर उभा राहिला. पाद्रीबुवांबद्दल बोलला, गावाबद्दल बोलला, आणि इतकं छान बोलला की माझ्या अंगावर काटा आला. मग म्हणाला, "आणि ती घंटाघराची किल्ली..."

थांबला. डोळे रिकामे झाले. इमोजेननं ओठ चावला.

"किल्ली पायरीखाली होती!" पर्सी ओरडला.

आता, पर्सीचा दोष नाही. दर जानेवारीत याच हॉलमध्ये आमचं गावचं पँटोमाइम होतं, म्हणजे सोंगांचं, आरडाओरड्याचं नाटक. राजकन्येचं काम टपालवाला करतो, घोड्याच्या सोंगात मागचे पाय म्हणून पर्सी असतो, आणि कुणी वाक्य विसरलं की अख्खा हॉल ते ओरडून सांगतो. प्रेक्षकांनी ओरडायचं, नाहीतर नाटक बघितल्यासारखं वाटतच नाही. लहानपणापासून ती सवय हाडीमासी खिळलेली. त्यात ते भाषण सकाळपासून ऐकून ऐकून आम्हा सगळ्यांचं पाठ झालेलं. त्याच हॉलमध्ये, त्याच खुर्चीत बसलेल्या पर्सीच्या तोंडून ते निसटलं. त्याचे कान बीटरूटसारखे लाल झाले. इमोजेननं थांबवायला हात वर केला.

पण एडमंड पर्सीकडे वळला होता. सावकाश, लॅम्बर्न वळतो तसा.

"पायरीखाली," तो म्हणाला. "बरोबर. आणि ती तिथं असते हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

हे वाक्य कुठंच लिहिलेलं नव्हतं. मागच्या रांगेतून दुकानाची मालकीण बारीक आवाजात म्हणाली, "सगळ्या गावाला, इन्स्पेक्टर."

"सगळ्या गावाला. पण पाऊस पडत असताना, चिखलातून, तिथवर कोण जाईल?"

"ज्याच्याकडे उंच बूट आहेत तो!" टपालवाला म्हणाला.

इमोजेनचा हात वरच होता, पण ती थांबवायला सांगेना. कॅमेरा चालू होता. एडमंड आमच्या खुर्च्यांमधून चालू लागला. एकेकापाशी थांबायचा, वाकून विचारायचा, आणि उत्तर ऐकून घ्यायचा. उत्तरं त्याच्याजवळ उरली नव्हती. पण विचारणं होतं. ते इतकी वर्षं त्याच्या अंगात मुरलं होतं, ते कुठं जाणार? आणि तो असं विचारत होता, की आम्ही विसरलो हो, की हे खोटं आहे. पर्सीचे डोळे भरून आले होते, आणि मेलेले पाद्रीबुवा तर बाहेर सिगारेट ओढत होते.

तो माझ्यापाशी आला. "बाई, त्या संध्याकाळी तुम्हाला ऑर्गन ऐकू येत होता?"

"येत होता," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आणि मध्येच थांबला."

"मध्येच थांबला," तो म्हणाला.

मग तो हॉलच्या मधोमध येऊन उभा राहिला. आता फक्त नाव राहिलं होतं. आणि त्याचा चेहरा बघितल्याबरोबर मला कळलं की नाव त्याच्यापाशी नाही.

या वेळी मात्र कुणी ओरडलं नाही. पर्सीनं तर ओठ आत ओढून घेतले होते. बाकी सगळं आम्ही दिलं असतं, पण खुनी कोण ते लॅम्बर्ननंच सांगायचं. ते त्याचं होतं. आमच्या तोंडून निसटलं असतं, तर त्याला खिडकीपाशी पाठमोरा आम्हीच उभा केला असता. माझ्या जिभेवर ते नाव आलं होतं, ते मी गिळलं. डोळ्यांनीही सांगितल्यासारखं होऊ नये म्हणून मी वर छतावरच्या ओलीच्या डागाकडे बघत बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. कुठंतरी खुर्ची करकरली. मग एडमंडची पावलं ऐकू आली. दुसऱ्या रांगेच्या टोकाला जोसलिन बसली होती, तिच्याशेजारची खुर्ची रिकामी होती. तो त्या खुर्चीवर बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. नाव घेतलंच नाही.

"फार थकलात तुम्ही," तो तिला म्हणाला, अगदी हळू. "आता तुम्हीच सांगा."

जोसलिनला लिहून दिलेलं वाक्य भलतंच होतं. तिनं ताडकन उठून सगळं नाकारायचं होतं. ती उठली नाही. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू कोसळला, आणि ती म्हणाली, "मीच. मीच केलं ते." आणि खरंखुरं रडायला लागली. एडमंडनं कोटाच्या खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला.

इमोजेन 'कट' म्हणायचं विसरली. शेवटी सार्जंटचं काम करणाऱ्या पोरानंच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, ज्याला ते भाषण मिळणार होतं त्यानंच. मग आम्ही सगळे उठलो. आमच्या गावात एकदम कुणाचं कौतुक करत नाहीत, आधी खाकरतात, सॅंडविचेस कुठं आहेत ते विचारतात. त्या दिवशी आम्ही हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या.

"पुन्हा करायचं का?" एडमंडनं इमोजेनला विचारलं.

"नाही," ती नाक पुसत म्हणाली. "हे असंच राहू दे."

नंतर मी दोन कप चहा घेऊन हॉलच्या मागं बाकावर गेले. तो तिथं एकटाच उन्हात बसला होता, कोट काढून.

"काय काम केलंस रे तू," मी म्हटलं. "ती शेजारी बसायची कल्पना केव्हा सुचली?"

"सुचायचं काय त्यात." त्यानं कप घेतला. "मला ठाऊकच नव्हतं, विनी. खुनी कोण ते. अजिबात."

"मग तिच्यापाशी कसा गेलास?"

"तुम्हा लोकांमुळे." तो हसला. "तू छताकडे बघत होतीस. पर्सी बुटांकडे. बाकीचे कुणी खिडकीकडे, कुणी नखांकडे. सगळा हॉल भरलेला आणि त्या एका बाईकडे कुणाचीही नजर नाही. इतकं न बघणं ठरवल्याशिवाय होत नाही."

मला हसू आवरेना. "म्हणजे इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा खरा तपास केलास!"

"पहिल्यांदा," तोही हसत म्हणाला. मग कपात बघत राहिला. "पण अवघड नव्हतं. मला ते ओळखीचं होतं. मे महिन्यापासून या गावात माझ्याकडेही कुणी असंच बघत नाही."

माझं हसू विरलं. मला हवेबद्दल काहीतरी बोलावंसं वाटलं. ऊन छान आहे, असं काहीतरी. तोंडाशी आलंही. पण मी वळले आणि त्याच्याकडे बघितलं, सरळ.

"एडमंड, तू विसरायला लागला आहेस. खूप."

त्यानं मोठा श्वास सोडला. "हो ना?" तो म्हणाला. "हो ना, विनी? मला वाटायचं, मला एकट्यालाच दिसतंय की काय."

"सगळ्यांना दिसतंय."

"मला फार भीती वाटते गं."

"वाटणारच. मलाही वाटते." मी त्याचा हात धरला. आमच्याकडे भर दुपारी कुणी कुणाचा हात धरत नाही, सिरिलनंसुद्धा कधी धरला नव्हता. तेवढ्यात मागचं दार उघडून पर्सी बाहेर आला. त्यानं आमचे हात पाहिले, एडमंडचा चेहरा पाहिला, आणि नजर वळवली नाही.

"सरका की जरा," तो म्हणाला आणि एडमंडच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला.