अर्धा खडा

सोजरबाईंनी पदराची गाठ सोडून खडीसाखरेचा खडा शालिग्रामबुवांपुढे धरला.

"तोडा अर्धा. घसा सुटंल."

कीर्तनाला उभं राहण्याआधी बुवा दातांनी खडा तोडत; अर्धा स्वतः ठेवत, अर्धा मागे झांज धरणाऱ्या बायकोला, सोजरबाईंना देत. निंबोल्याच्या देवळातली ही त्यांची जुनी रीत. आज बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यातल्या बाकावर मात्र बुवांनी खडा नुसताच मुठीत धरला. सकाळी दिलेला त्यांचा बेडका आत तपासणीच्या यंत्रात होता.

डॉक्टर हिमानी स्वतःच बाहेर आल्या.

"बुवाजी, टीबीच आहे. आणि नेहमीच्या मुख्य गोळीला तुमचा जंतू दाद देणार नाही, हेही यंत्रानं सांगितलं. पूर्वी एवढं कळायलाच कितीतरी आठवडे जायचे. आता याला लागू पडतील त्याच गोळ्या देऊ. टेन्शन मत लो, पण एकही चुकवायची नाही. घरात आणखी कुणाला खोकला?"

"मले नाही वं माय," सोजरबाई घाईनं म्हणाल्या. "मी ठणठणीत. मी पडली तर यांले भाकर कोण देईल?"

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. गेल्या एकादशीला मागे झांज वाजत राहिली होती, तिचा आवाज मात्र मध्येच गळत होता. वय झालं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. मुठीतला खडा त्यांना एकदम टोचला.

"सोजर, विठ्ठलाचा गजर धर."

"इथं? लोकं हसतील ना!"

"हसू दे. धर."

बुवांनी मागितला आणि तिनं गजर धरला नाही, असं कधी झालं नव्हतं. तिनं डोळे मिटले.

"विठ्ठल, विठ्ठल..."

चाल वर चढली आणि पदर तोंडावर गेला. खोकला थांबेचना. देवाचं नाव अर्ध्यावर राहिलं. बुवांची नजर जमिनीवरून उठली नाही.

हिमानींनी नवी डबी पुढे केली. "बाहेर मोकळ्यावर जा, माई. थुंकी नको, छातीतला बेडका हवा."

डबी देऊन सोजरबाई परतल्या, तेव्हा बुवा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते.

"देवाच्या नावानं फसवलं ना मले?"

सोजरबाईंनी त्यांच्यापुढे हात पसरला.

"द्या आता माझा अर्धा."

त्यांनी मूठ उघडली. खडा घामानं चिकट झाला होता. त्यांनी मूठ पुन्हा मिटून घेतली.

"गाठीत दुसरा आहे?"

तिनं काढला. बुवांनी तो तिच्याच पदरावर ठेवायला लावला, आणि दाताऐवजी दगडानं फोडला.